मोटरघरात लावायला मोठा टचस्क्रीन : कोणता घ्यावा?

काटोल_रोड | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नोकरी नागपुरात, वावर काटोलकडे. साडेचार एकर संत्रा आहे, चार भाग पाडलेत, प्रत्येक भागाला ठिबकचा एकेक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारा-मिटणारा. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि चार रिलेंचा (विजेवर चालणाऱ्या स्विचांचा) बोर्ड मी गेल्या उन्हाळ्यात बसवला, तो नीट चालतो. पण चालवायचा मोबाइलवरून, आणि मोबाइल माझ्या हातात. वावरात असतात बाबा. वय ६८, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचतात फक्त मराठी. पाणी सोडायचं असलं की मला फोन. मी मीटिंगमध्ये असलो की फोन उचलला जात नाही आणि बाबा बांधावर बसून वाट पाहतात. हे मला बंद करायचं आहे. वावर त्यांचं आहे, पाणी त्यांच्या हातानं सुटलं पाहिजे.

म्हणून मोटरघराच्या भिंतीवर एक मोठा टचस्क्रीन हवा. कोणता भाग चालू आहे, किती मिनिटं शिल्लक, लाईन आहे की गेली, एवढंच दाखवायचं, आणि चार मोठी बटणं. सध्या माझ्याकडे २.८ इंची, ३२० बाय २४० पिक्सेलचा, आयएलआय९३४१ चिपचा पडदा आहे. माझ्या टेबलावर झकास चालतो, पण बाबांना त्यावरचं अक्षर दिसत नाही. ७ इंची घ्यावा की १०.१? बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरलो. दुकानदार म्हणतात मागवून देऊ, मॉडेल नंबर सांगा. तिथंच अडलोय. बजेट आठ हजार. आंबिया बहाराचा ताण जानेवारीत तोडायचा आहे, म्हणजे फुलांसाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करायचं आहे, त्याआधी भिंतीवर लागला पाहिजे.

पिक्सेलवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२५

इंच जरा बाजूला ठेवा. आधी हे ठरवा की चित्र कोण सांभाळणार.

तुमच्या २.८ इंचीत ३२० गुणिले २४० पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे १,५३,६०० बाइट. एसपीआय, म्हणजे कंट्रोलरकडून पडद्याकडे चित्र नेणारी तार, ४० मेगाहर्ट्झवर चालवली तर पूर्ण पडदा साधारण ३१ मिलिसेकंदांत भरतो. डोळ्याला कळतही नाही. आता ७ इंचीचे ८०० गुणिले ४८० घ्या. ७,६८,००० बाइट झाले. त्याच तारेवरून पाठवायला १५४ मिलिसेकंद लागतील, म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा वेळा. पान बदललं की पडदा वरून खाली पुसला जाताना दिसेल. शिवाय साध्या ईएसपी३२ मध्ये रॅम आहे ५२० केबी. पूर्ण चित्र त्यात मावतच नाही. १०.१ इंची १०२४ बाय ६०० असेल तर १२ लाखांवर बाइट.

म्हणून मोठ्या पडद्यांत तीन घराणी आहेत. पहिलं, नुसतं आरजीबी पॅनेल. याला स्वतःची मेमरी नसते, कंट्रोलरनं चित्र सतत ओतत राहायचं. हे काम ईएसपी३२-एस३ करतो, ८ एमबी पीएसरॅमच्या (जोडीला दिलेल्या जादा मेमरीच्या) जोरावर. दुसरं, ज्याच्या पाठीवर आरए८८७५ सारखी चिप असते. तिची स्वतःची ७६८ केबी मेमरी असते, चौकोन, रेषा, वर्तुळ ती स्वतः काढते. तुम्ही एसपीआयवरून फक्त ‘इथून इथपर्यंत हिरवा चौकोन’ एवढं सांगायचं. तिसरं, सिरीयल एचएमआय, म्हणजे नेक्स्टिऑन किंवा डीविन जातीचे. यांच्यात आख्खा वेगळा प्रोसेसर असतो. पानं आणि चित्रं आधीच आत भरून ठेवायची आणि दोन तारांवरून ‘अमुक जागी तमुक चित्र’ एवढा आदेश द्यायचा.

तुमची पानं चार-पाच, हलतं चित्र एकही नाही. तिन्ही चालतील. मी असतो तर एस३ वाला ७ इंची बोर्ड घेऊन त्यावर एलव्हीजीएल, म्हणजे बटणं-पानं काढायची लायब्ररी, चढवलं असतं. दिसायला देखणं होतं, आणि सगळा कोड आपला राहतो.

पॅनेलवायरमन | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

दादा, मी हिंगणा एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करतो, वीस वर्षं झाली. एकच विचारतो. बोट कोणाचं लागून राहिलं त्या पडद्याला?

बाबा व्हॉल्व्ह उघडून, फिल्टर धुऊन येतील. हात ओला, चिखलाचा. मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह काच लावला तर पाण्याचा थेंबही बोट होते. एक बटण दाबाल, दुसरं लागेल. आणि जन्मभर फावडं धरलेल्या हाताची कातडी इतकी जाड अन् कोरडी असते की कधी कधी तो काच बोट ओळखतच नाही. कारखान्यात हातमोजे घालून काम करणारा ऑपरेटर असला की आम्ही आजही रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारा, लावतो. नखानं दाबा, काडीनं दाबा, ओल्या हातानं दाबा, चालते. तोटा आहे. वरचा पापुद्रा मऊ असते, ओरखडे पडतात, अन् उजेड थोडा कमी होते. पण बटण लागते.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. पडदा अन् पाणी सोडणारा बोर्ड एकच ठेवू नका. पडदा अडकला तर व्हॉल्व्ह उघडा राहील, रात्रभर पाणी जाईल. रिलेवाल्या बोर्डानं आपला वेळ स्वतः मोजावा. पडदा बंद पडो की कोणी फोडो, चाळीस मिनिटं झाली की व्हॉल्व्ह मिटलाच पाहिजे.

सावनेरवासी | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

जुना अँड्रॉइड टॅब्लेट भिंतीला लावा ना. ईएसपी३२ वर वेबपेज आधीच असेल. खर्च शून्य, दहा इंच मिळतील, मराठीही येईल.

काटोल_रोड | १९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सावनेरवासी, हा प्रयोग करून झालाय. मोटरघर टिनाचं आहे. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता हे आपल्याला ठाऊक आहे, आणि टिनाखाली त्याहून जास्त. सतत चार्जिंगला लावलेल्या टॅब्लेटची बॅटरी दोन महिन्यांत फुगली, मागचं झाकण उचललं गेलं. त्या दिवसानंतर बॅटरी असलेली वस्तू मी त्या खोलीत ठेवत नाही.

वायरमन काका, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्रीचे माझे सगळे शोध गुंडाळून ठेवले. ओल्या हाताचा विचार मी केलाच नव्हता. रिलेचा बोर्ड वेगळा ठेवायचं तर पक्कंच. पिक्सेलवाला दादा, एस३ वाले जे ७ इंची बोर्ड मी पाहिले, त्या सगळ्यांवर जीटी९११ या चिपचा कपॅसिटिव्ह टच आहे. त्यात रेझिस्टिव्ह मिळतो का?

पिक्सेलवाला | १९ नोव्हेंबर, दुपारी २:५०

क्वचित. ७ इंचीत बहुतेक कपॅसिटिव्हच असतो. आणखी एक सांगायला हवं होतं. आरजीबी पॅनेलला १६ रंगाच्या आणि ४ वेळेच्या, अशा २० पिना जातात. रिलेसाठी मग पीसीएफ८५७४ सारखा एक्सपांडर, म्हणजे पिना वाढवणारी चिप, लागतो. शिवाय वायफाय चालू असताना किंवा फ्लॅशमध्ये काही लिहिताना पीएसरॅमला वेळेवर डेटा देता आला नाही, तर चित्र आडवं सरकतं आणि सरकलेलंच राहतं. बाउन्स बफर (मधे तात्पुरता साठा करणारी आतली मेमरी) लावून हे सुटतं, पण सुटेपर्यंत दोन-तीन शनिवार-रविवार जातात. तुमच्याकडे जानेवारीपर्यंतच वेळ आहे. वायरमन काकांचं म्हणणं ऐकून माझं मत बदललं. आरए८८७५ किंवा सिरीयल एचएमआय बघा. आरए८८७५ मध्ये चार तारांच्या रेझिस्टिव्ह टचची सोय चिपमध्येच आहे.

लिपीप्रेमी | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

पडद्यावर मराठी कसं येणार, हे कोणी विचारलंच नाही. तुमच्या बाबांच्या दृष्टीनं सगळा प्रकल्प त्यावरच उभा आहे.

देवनागरी फॉन्ट एलव्हीजीएलमध्ये टाकला की अक्षरं दिसतात, पण जुळत नाहीत. ‘मिनिटे’ हा शब्द घ्या. संगणक आधी म साठवतो, मग वेलांटी. कागदावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळवणी करायला वेगळं इंजिन लागतं, आणि या छोट्या लायब्ररींत ते नसतं. मग म च्या मागे वेलांटी लोंबकळते, ती पुढच्या न वर चढल्यासारखी दिसते. ‘व्हॉल्व्ह’मध्ये पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. ‘स्थिती’चं काय होतं ते मी इथे वर्णनही करत नाही. आपल्याला अंदाजानं वाचता येईल. एका डोळ्यानं वाचणाऱ्या माणसानं अंदाज का करायचा?

उपाय सोपा आहे. तुमचे शब्द मोजा. चाळीसच्या वर जाणार नाहीत. प्रत्येक शब्द संगणकावर चांगल्या फॉन्टमध्ये लिहा आणि चित्र म्हणून जतन करा. २०० बाय ४८ पिक्सेलचा शब्द, प्रत्येक पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ९,६०० बाइट. चाळीस शब्दांचे ३,८४,०००. आजच्या फ्लॅशमध्ये हे किरकोळ आहे. आकड्यांना जुळवणी लागत नाही, ० ते ९ हे सुटेच उभे राहतात, म्हणून वेळ दाखवायला दहा चित्रं पुरतात.

आणि एक आग्रहाची विनंती. फॉन्ट मराठी वळणाचा घ्या. ‘चालू’ मधला ल आणि ‘शिल्लक’ मधला श, दोन्ही आपल्या शाळेत गिरवले तसेच दिसले पाहिजेत. बाबांच्या डोळ्यांना तीच ओळख आहे. नोटो सान्स देवनागरीत मराठी भाषा निवडली तर ते आकार मिळतात.

काटोल_रोड | १९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, मनापासून आभार. माझ्या २.८ इंचीवर आत्ता ‘शिल्लक मिनिटे’ लिहून पाहिलं. तुम्ही म्हणता अगदी तसंच झालं. मी आजवर त्यावर इंग्रजीत ‘ऑन’, ‘ऑफ’ दाखवत होतो म्हणून हे कधी कळलंच नाही. शनिवारी वावरात जातोय, परत आलो की लिहितो.

काटोल_रोड | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

कागदाची चाचणी करून आलो. सविस्तर लिहितो, इतरांना उपयोग होईल.

७ इंची पॅनेलचा दिसणारा भाग साधारण १५४ बाय ८६ मिलिमीटर असतो, ५ इंचीचा १०८ बाय ६५, १०.१ चा २२२ बाय १२५. या मापांचे तीन कागद कापले आणि तिन्हींवर तीच चार बटणं आणि तेच शब्द छापले. मोटरघरात स्टार्टरच्या बाजूच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावले. बाबांना सांगितलं, दारातून आत या आणि वाचा.

५ इंची कागदाशी ते नाक लावून उभे राहिले. ७ इंचीवर हातभर अंतरावरून ‘भाग दोन चालू, शिल्लक १२ मिनिटे’ असं सलग वाचलं. १०.१ वर तर दारातूनच वाचलं. पण नंतर त्यांनी जे केलं त्यावरून माझा निर्णय झाला. फिल्टर धुतलेल्या हातानं त्यांनी कागदावरचं बटण दाबलं, आणि ते एका बोटानं नव्हे. आंगठा वाकवून, आंगठ्याच्या बाजूनं. कागदावर उमटलेला ओला डाग मी पट्टीनं मोजला. २२ मिलिमीटर लांब, १५ रुंद. ७ इंचीत एका मिलिमीटरला साधारण पाच पिक्सेल येतात, म्हणजे बटण निदान १५० पिक्सेलचं हवं आणि दोन बटणांत ३० पिक्सेल मोकळे. चार बटणं दोन ओळींत बसवली तर ८०० बाय ४८० मध्ये आरामात बसतात.

मग घरून नेलेला २.८ इंची रेझिस्टिव्ह आणि माझा मोबाइल, दोन्हींवर ओल्या आंगठ्यानं दहा-दहा वेळा दाबायला लावलं. रेझिस्टिव्हवर दहाही लागले. मोबाइलवर चार.

१०.१ बजेटबाहेर आहे. तेव्हा ७ इंची, रेझिस्टिव्ह. आता आरए८८७५ की सिरीयल एचएमआय, एवढंच ठरायचं.

पॅनेलवायरमन | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

कागद लावून पाहिला हे लय चांगलं केलं दादा. मोठमोठ्या कारखान्यात कोणी एवढं करत नाही.

पडदा बाबांच्या डोळ्याच्या उंचीवर लावा, तुमच्या नाही. स्वस्त पॅनेल टीएन जातीचे असते, वरून किंवा खालून पाहिलं की रंग उलटे होते. दाराच्या समोर लावू नका, ऊन थेट पडते. साध्या पॅनेलचा उजेड उन्हापुढे टिकत नाही. उत्तरेच्या भिंतीला, आतल्या बाजूनं लावा. पॅनेलच्या कागदावर ७० अंशांपर्यंत चालते असं लिहिलं असते, पण बंद काळ्या डब्यात ऊन पडलं तर तेवढं तापायला वेळ लागत नाही. डब्याला खाली-वर जाळीची भोकं ठेवा, पाठ भिंतीपासून दोन बोटं सोडा.

पिक्सेलवाला | २५ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

तुमचे सगळे शब्द चित्रं असणार, म्हणून सिरीयल एचएमआय घ्या. चित्रं पडद्याच्याच पोटात राहतील. कंट्रोलर फक्त चित्राचा क्रमांक पाठवेल. आरए८८७५ मध्ये प्रत्येक वेळी चित्राचे पिक्सेल एसपीआयवरून ढकलावे लागतील. चालेल, पण काम वाढेल.

नेक्स्टिऑनच्या बाबतीत तीन गोष्टी जपा. त्याचा एडिटर विंडोजवरच चालतो. प्रत्येक आदेशानंतर एफएफ हा बाइट तीन वेळा पाठवावाच लागतो, विसरलात तर पडदा गप्प बसतो आणि चूक कुठे ते कळत नाही. आणि सुरुवातीचा वेग ९६०० असतो, तो कोडमध्येही तोच ठेवा. तुमच्या कामाला ९६०० भरपूर आहे. पडद्याची पाच व्होल्टची वीज ईएसपी३२ च्या बोर्डावरून घेऊ नका, ७ इंचीचा बॅकलाइट बराच करंट खातो. वेगळा अडॅप्टर द्या, ग्राउंड मात्र एकच.

काटोल_रोड | १४ जानेवारी, रात्री १०:१५

संक्रांतीच्या शुभेच्छा. पडदा परवा भिंतीवर लागला.

रचना अशी आहे. ७ इंची रेझिस्टिव्ह सिरीयल पडदा, त्याच्या पाठीमागे एक छोटा ईएसपी३२. सहा मीटरवर स्टार्टरजवळ जुना ईएसपी३२ आणि रिले. दोघांत आरएस४८५ ची (लांबवर निरोप नेणाऱ्या वायरची) पिळाची जोडी, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध, चिप ३.३ व्होल्टची मॅक्स३४८५. वेळ रिलेवाला बोर्डच मोजतो. पडद्याची वायर उपटून पाहिली, व्हॉल्व्ह ठरल्या मिनिटाला मिटला.

शब्द ३४ झाले. एका रविवारी बाबांना शेजारी बसवून एकेक शब्द ठरवला. मी ‘प्रलंबित’ लिहिलं होतं, ते म्हणाले ‘बाकी’ लिही. ‘त्रुटी’च्या जागी ‘बिघाड’ आलं. ‘वीजपुरवठा खंडित’ एवढं लांबलचक होतं, त्याचं ‘लाईन गेली’ झालं.

एक अडचण उरली. मोटर सुरू होताना स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) आपटला की दहातून दोन वेळा पडदा बंद होऊन परत चालू होतो. पाणी चालूच राहतं, पण बाबा घाबरतात.

पॅनेलवायरमन | १५ जानेवारी, सकाळी ७:००

कॉन्टॅक्टरची कॉइल लागताना-सुटताना झटका मारते. कॉइलच्या दोन टोकांवर तिच्या व्होल्टेजला साजेसा आरसी स्नबर, म्हणजे झटका गिळणारा भाग, लावा, तयार मिळतो. शेतीच्या स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते, तेव्हा स्वतः हात घालू नका, गावच्या वायरमनला बोलवा आणि डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) लाईन पाडूनच काम करा. पडद्याचा अडॅप्टर त्या कॉइलच्याच फेजवर असेल तर दुसऱ्या फेजवर न्या. आरएस४८५ ची वायर मोटरच्या केबलला बांधून नेली असेल तर सोडवा, वीतभर दूर न्या.

काटोल_रोड | १९ जानेवारी, रात्री ९:००

तिन्ही केलं काका. वायर खरंच केबलला बांधलेली होती. काल-आज मिळून मोटर ३० वेळा चालू-बंद केली, पडदा एकदाही गेला नाही. ताण उद्या तोडतोय.

लिपीप्रेमी | १९ जानेवारी, रात्री ९:४०

पडद्याचा फोटो टाका ना. ‘शिल्लक’ बघायचंय.

काटोल_रोड | २२ मे, रात्री १०:३०

उशिरा लिहितोय, पण चार महिन्यांचा अनुभव हाती असला की लिहायचं ठरवलं होतं.

पडदा टिकला. टिनाच्या खोलीत दुपारी डब्याच्या आतला सेन्सर ५८ अंश दाखवतो. उत्तरेची भिंत आणि जाळी नसती तर ७० गाठले असते असं वाटतं. चौथ्या बटणावर ओरखडे आलेत, कारण चौथा भाग सर्वांत मोठा आणि तेच बटण जास्त दाबलं जातं. मोबाइलवर लावतात तो पातळ पापुद्रा मापानं कापून वर चिकटवला, टच पहिल्यासारखाच लागतो. एप्रिलमध्ये टचची जागा किंचित सरकली होती, कॅलिब्रेशन पुन्हा केल्यावर बरोबर झाली.

ताई, फोटो वर जोडलाय, आणि ३४ शब्दांची आणि दहा आकड्यांची चित्रंही. ज्याला लागतील त्यानं घ्यावीत.

जानेवारीपासून पाण्यासाठी मला एकही फोन आलेला नाही. आमच्याकडे शेतीची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या पाळीत बाबा टॉर्च घेऊन जातात, आंगठ्यानं बटण दाबतात, घरी येऊन झोपतात. गेल्या रविवारी त्यांनी पाचवं बटण मागितलं : ‘दोन आणि चार एकामागून एक’. भाग दोनचं पाणी संपलं की चार आपोआप सुरू व्हावा, म्हणजे मध्यरात्री दुसऱ्यांदा उठायला नको. पानावर खालच्या ओळीत १३० पिक्सेलच उरलेत. बाकीची बटणं थोडी लहान करावीत की दुसरं पान काढावं? बाबांना पान बदलायची सवय नाही, म्हणून विचारतोय.

पॅनेलवायरमन | २३ मे, सकाळी ६:४०

बटणं लहान करू नका. वर तारीख-वेळेची पट्टी दिली असेल ना? बाबांच्या हातात घड्याळ आहे. ती पट्टी काढा, तिथे बटण बसते.